कोंडाजी कुंभार वाट पाहत बसला

फार वर्षांपूर्वी, पाणसर गावाला अजून वेसही नव्हती, तेव्हा तिथे कोंडाजी कुंभार राहत होता. हात कसबी आणि जीभ त्याहून चलाख. पारावर कुणी म्हणालं, देव कुणी पाहिलाय, की हा एक मडकं पुढे ठेवायचा. "हे आपसूक झालं व्हय? मग येवढं जग आपसूक कसं व्हईल?" समोरचा हात जोडायचा. पाणसरचा देव पुजाऱ्याने नाही, कोंडाजीने टिकवला, असं म्हणतात.

मग गावात देवीची साथ आली आणि कोंडाजीची एकुलती एक लेक ठकी गेली. चिमुकली पोर हो, अजून नीट बोलतही नव्हती. लोक समजूत घालायला आले आणि त्यांनी त्याचंच मडकं त्याच्यापुढे ठेवलं. घडवणारा आहे ना, मग त्याला ठाऊक, म्हणाले.

कोंडाजी म्हणाला, "आव्यात भाजताना मडकं तडकलं तर चूक कुंभाराची असती. मडक्याची न्हवं."

त्या दिवसापासून त्याच्या डोक्याला भुंगा लागला. घडवणारा असेल, तर पोर त्यानेच मोडली. घडवणारा नसेल, तर कुणीच मोडली नाही. त्याने मळलेल्या मातीचा गोळा चाकावर ठेवला आणि हात मांडीवर घेऊन समोर बसला.

बायको यमुना विनवायची. "अवं, उठा की. दोन घास खावा."

"थांब यमुने. आपसूक येक मडकं झालं, की समजंल, ठकीला कुणी मारली न्हाई. ती नुस्ती गेली."

"आन न्हाई झालं तर?"

त्यावर त्याने नजर पुन्हा मातीच्या गोळ्यावर लावली. बिचाऱ्याला उत्तर येत होतं, हेच तर दुःख.

उन्हाळा सरला, छप्पर उडालं, पाऊस अंगावर आला. कोंडाजी हलला नाही. पाऊस थांबल्यावर लोकांनी पाहिलं, तर तिथे मातीचे दोनच ढीग होते. एक चाकावर, एक चाकासमोर. कशालाही आकार नव्हता, असं म्हणतात.

आजही पाणसरचा कुंभार त्या ढिगांच्या जागी झालेल्या टेकाडाची माती उचलत नाही. देवळात दिवा रोज लागतो, जत्राही भरते. पण ज्या घरातलं मूल गेलं, तिथे कुणी 'देवाज्ञा झाली' म्हणत नाही. बाहेरगावचा पाहुणा म्हणू लागला, तर थोरलं माणूस त्याचा हात धरून त्याला खाली बसवतं. मग सगळे आईबापाजवळ नुसते बसून राहतात.