एकेचाळीस खाटा

"...तर मग संपादकानं करायचं तरी काय, मास्तर? समोर चूक दिसली तरी हाताची घडी घालून बसायचं?"

शिरीषचा आवाज चढला होता. समोर मोघे मास्तर स्वस्थ बसले होते. या माणसाची चाळीस वर्षं दुसऱ्यांची हस्तलिखितं सुधारण्यात गेली. फलटणच्या त्यांच्या दोन खोल्यांतून कितीतरी पुस्तकं मार्गी लागली, पण एकावरही मास्तरांचं नाव नव्हतं. शिरीष त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकला आणि आता स्वतंत्रपणे तेच काम करत होता. चांगलं करत होता, आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

आज तो तक्रार घेऊन आला होता.

सगुणाबाई भंडारे नावाच्या बाईंनी क्षयाच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं आयाचं काम केलं. तिथं पाहिलेल्या माणसांच्या आठवणी त्यांनी पाच वह्यांत लिहून काढल्या होत्या. शिरीष त्या वह्यांवर सहा महिने राबला. वाक्यं सरळ केली, प्रकरणं पाडली आणि टाइप केलेली नेटकी प्रत बाईंच्या हातात ठेवली. प्रकाशकही तयार होता. बाई मात्र आता स्वतःच त्या दवाखान्यात अंथरुणाला खिळल्या होत्या. त्या दिवाळी बघतील याची डॉक्टरांना खात्री नव्हती.

आणि अशा वेळी बाईंनी काय करावं? चार दिवसांत प्रत परत पाठवली. सोबत एवढाच निरोप, की हे छापू नका.

"त्यांना कळत नाही, मास्तर. तुम्ही एकदा समजावून सांगा. पुस्तक निघालं नाही तर त्यांच्यामागं काहीसुद्धा उरणार नाही."

हे मात्र तो पोटतिडकीनं बोलला. बाईंवर त्याचा खरंच जीव होता.

मास्तरांनी त्याची प्रत बाजूला सारली आणि बाईंच्या मूळ वह्या पुढ्यात ओढल्या.

तासभर ते वाचत राहिले. शिरीष ताटकळला. मास्तरांची रीत त्याला पाठ होती. ते कधी काही खोडत नसत. समासात पेन्सिलीनं बारीक टिंब देत, मग लेखकाला समोर बसवून एकेका टिंबापाशी विचारत, हे असं का लिहिलंत? एकेका पुस्तकाला वर्ष वर्ष लागे. शिरीषला हा निव्वळ वेळकाढूपणा वाटायचा.

शेवटी मास्तरांनी वही मिटली.

"यात एक वाक्य सारखं येतं."

शिरीष खुलला. केलेलं काम दाखवायची संधी आयतीच चालून आली होती.

"'मग मी खाट धुतली.' माणूस गेला की दर वेळी तेच. एकेचाळीस माणसं जातात, एकेचाळीस वेळा तेच वाक्य. वाचणारा कंटाळून जाईल. मी फक्त शेवटचं ठेवलं. आता ते कसं थेट भिडतं."

"बाईंना विचारलंस?"

"काय?"

"सारखं का लिहिलं ते."

"त्यात विचारायचं काय, मास्तर? सरळ सरळ पुनरुक्ती आहे."

मास्तरांनी खांद्यावरचा पंचा हातात घेतला आणि शिरीषला त्याचीच प्रत वाचायला सांगितली. माणसं जातात तेवढ्याच जागा, पहिल्यापासून.

शिरीषनं पानं उलटली. पहिला एक गवंडी होता. बायको येईल म्हणून तीन दिवस दाराकडे बघत होता, तसाच गेला.

मास्तरांनी पंच्यानं टेबल पुसलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, सावकाश.

धूळ असेल, असं शिरीषला वाटलं. तो पुढं वाचू लागला. दुसरी चौदा वर्षांची मुलगी. ती गेली.

मास्तरांनी टेबल पुसलं.

तिसरा एस.टी.चा ड्रायव्हर. त्याला न्यायला कुणीच आलं नाही.

मास्तरांनी टेबल पुसलं.

"टेबल स्वच्छ आहे, मास्तर..."

"वाच."

चौथ्याच्या वेळी शिरीष आपणहून थांबला. पंचा लाकडावरून सरकल्याचा आवाज संपेपर्यंत त्याला पुढची ओळ वाचवेना. पाचव्याच्या वेळी त्याला सगुणाबाई दिसल्या. रिकामी खाट, बादली, फिनेल, हातात फडकं. दाराशी पुढचा रोगी गाठोडं घेऊन उभा, आणि बाई वाकून कुणाचं तरी शेवटचं काम एकट्या उरकताहेत. त्याला लाज वाटली. अशी लाज त्याला पूर्वी कधी वाटली नव्हती.

सहावा गेला. सातवी एक बाळंतीण होती. तिथं त्यानं प्रत खाली ठेवली.

"पुरे, मास्तर. चुकलो मी. ते वाक्य सगळीकडे परत घालतो. आजच बसतो, उद्या बाईंना नेऊन दाखवतो..."

मास्तरांनी टेबल पुसलं. मग पंचा तसाच हातात धरून ते त्याच्याकडे बघत राहिले.

"अजून चौतीस माणसं आहेत. वाच."