गेनूआबाची रेघ

गळ्याची आण, ह्यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे, तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. पण आमच्या हिवरदऱ्यात जन्माआधीचंही नीट दिसतं.

तर फार वर्षांपूर्वी, उसात बिबटे आणि घरात कंदील असायचे तेव्हा, गेनूआबा बैलांची शिंगं रंगवायचा. पोळा आला की सगळ्या गावाचे बैल त्याच्या अंगणात. रेघ अशी सरळ, की तिच्यावरून निघालेली मुंगी वळायलाच विसरायची, असं म्हणतात.

पुढं आबाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. डोळ्यांच्या शिबिरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आबा, ऑपरेशनची घाई नाही. पण ज्या कामात जीव आहे ते बिघडायला लागलं, की थांबू नका."

"माझं काम कुठं बिघडलंय!" आबा म्हणायचा.

"अवं, काल खांबापुढं वैरण टाकलीत!" बायको तानाई म्हणायची.

"खांब खाईना, तेव्हा कळलं की मला."

मनात मात्र धाकधूक. डोळ्याला शस्त्र लागलं आणि आहे तेवढंही दिसायचं गेलं, तर शिंगं कोण रंगवणार?

पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, बैलांच्या रांगेत एक बिबट्या येऊन बसला. बैल दावी तोडून पळाले. आबा म्हणाला, "सगळे गेले, तू तेवढा शहाणा." डोकं चाचपलं. शिंगं सापडेनात. "अरे, वासरूच की!" म्हणून त्यानं कान रंगवले आणि गळ्यात घुंगुरमाळ बांधली. आबाचा हात असा हलका, की बिबट्याला डुलकी लागली, असं म्हणतात.

तानाई दारात आली आणि पदराचा बोळा तोंडात धरून तिथंच उभी राहिली. तेवढ्यात बिबट्यानं जांभई दिली. आबाला दात दिसले नाहीत, वास आला. वासराच्या तोंडाला गवताचा वास हवा. हा तर कोंबडीचा!

बिबट्या उठला आणि छुमछुम करत उसात गेला. गाव काठ्या घेऊन धावलं. आबानं एकच विचारलं, "तानाई, रेघ कशी आलीय?"

तानाईला खोटं बोलता आलं नाही. "वाकडी गेली, धनी."

आबा मटकन खाली बसला. बिबट्यानं जे केलं नाही ते त्या रेघेनं केलं. पोळा झाल्यावर दुसऱ्या सकाळी तो हसत हसत बैलगाडीत बसला, ऑपरेशन करून आला. पुढच्या पोळ्याला बिबट्या आपणहून अंगणात आला, आबानं रेघ सरळ केली, आणि तो शेपटी उडवत गेला, असं म्हणतात.

आजही पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं प्रत्येक म्हातारं माणूस बैलाच्या शिंगावर एक रेघ ओढतं. वाकडी गेली तर कुणी हसत नाही. पोळा झाला की जीपला घुंगुरमाळ बांधतात आणि त्या म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांच्या दवाखान्यात नेतात.

आता एवढं सांगितलंच आहे, तर ह्यातलं मी काय रचलं तेही सांगतो. बिबट्या खरा. मुंगीसुद्धा खरी. आबा हसत हसत गाडीत बसला, एवढं खोटं. तो रडत होता, आणि दवाखाना येईपर्यंत त्यानं तानाईचा हात सोडला नव्हता.