फक्त टिचकी

एका गावात एक भोळा गडी होता. गावाचं नाव जोंधळवाडी, गड्याचं नाव पिराजी. मिशी वेळेवर आली होती, अक्कल वाटेत कुठंतरी बसली होती. पण सांगितलेलं काम तो सांगितल्यासारखं करायचा. सगळा घोटाळा तिथंच होता.

गावच्या दवाखान्यात नंबरच्या चिठ्ठ्या देणारं यंत्र आलं. काचेला बोट लावलं की चिठ्ठी बाहेर. यंत्राशेजारी उभं राहायला डॉक्टर वाघमोड्यांनी पिराजीला ठेवलं. शेजारच्या गावचे दौलतराव म्हणाले, "नोकरी टिकली तर पोरगी देतो." पोरीचं नाव कौसल्या. पिराजीनं तिला जत्रेत एकदा पाहिलं होतं, तेव्हापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

पहिल्याच दिवशी गाव यंत्रावर तुटून पडलं. कुणी काच दाबून धरली, कुणी बोट ओढलं, कुणी दोन बोटांनी अक्षरं ताणली. यंत्र भलतीच पानं दाखवायला लागलं. मग तालुक्याहून यंत्र दुरुस्त करणाऱ्या नूतन मॅडम आल्या.

"याच्या आत लिनक्स आहे," त्या म्हणाल्या.

"त्याला खायला काय घालायचं?" पिराजीनं विचारलं.

मॅडम कामाला लागल्या. साध्या टिचकीखेरीज यंत्राला काही कळूच नये, अशी त्यांनी सोय केली. "आता कुणी दाबो, ओढो, ताणो, यंत्र लक्षच देणार नाही. लोकांना एवढंच सांग. बोट टेकवायचं आणि लगेच उचलायचं. धरून ठेवायचं नाही."

"बरं," पिराजी म्हणाला.

संध्याकाळी त्याची आई यमुनाबाई म्हणाली, "ह्यो म्हशीचा कासरा धर, मी पेंड घिऊन येते." पिराजीनं कासऱ्याला बोट टेकवलं आणि लगेच उचललं. म्हैस सरपंचांच्या मेथीत गेली. मेथी संपवून कोथिंबिरीकडं वळली तेव्हा सापडली.

"आरं, कासरा सोडलास कसा?"

"धरून ठेवायचं न्हाई, मॅडम म्हनल्या."

आईनं कपाळावर हात मारला. "हाताला आलेलं आसं सोडू नये. घट्ट धरायचं. मी सोड म्हनस्तवर सोडायचं न्हाई."

"बरं," पिराजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जनाआजी दवाखान्यात आली. अंगात ताप, हात थरथरत होता. पिराजीनं मायेनं तिचं बोट धरलं, काचेवर टेकवलं आणि तसंच घट्ट धरून ठेवलं. यंत्र ढिम्म. दाबून धरलेलं आता त्याला कळत नव्हतं.

"लेकरा, माजं बोट दे."

"आई अजून म्हनली न्हाई."

"कुनाची आई?"

"माजी."

रांग रस्त्यापर्यंत गेली. शेवटी एकजण सायकल घेऊन रानात गेला आणि यमुनाबाईला मागं बसवून घेऊन आला. तिनं दारातूनच सांगितलं, "सोड रं." पिराजीनं सोडलं.

डॉक्टरांनी मॅडमना फोन लावून दिला. मॅडम म्हणाल्या, "पिराजी, ऐकलं नाही तर जोर करायचा नाही. जरा थांबायचं आणि परत एक टिचकी मारायची."

"बरं," पिराजी म्हणाला.

त्याच संध्याकाळी दौलतराव लग्नाचं बोलायला आले. कानानं ते जरा कमी होते. पिराजीनं विचारलं, "चहा घेता?" दौलतरावांनी ऐकलं नाही. पिराजी जरा थांबला आणि त्यांच्या कपाळावर टिचकी मारली. दौलतराव नुसते बघत राहिले. पिराजी परत जरा थांबला. दुसरी टिचकी नाकावर बसली आणि चष्मा पाण्याच्या तांब्यात गेला.

माणूस मनानं मोठा. चष्मा पुसत म्हणाले, "पोरगं साधं हाय. माजी कौसल्या शानी हाय. दोगांचं मिळून भागंल. पर नोकरी टिकली पायजे."

ते गेल्यावर आई कडाडली. "थोरामोठ्यांना बोट लावत्यात व्हय? म्होरं हात जोडायचे, मान खाली घालायची आनि गप उभं ऱ्हायचं."

"बरं," पिराजी म्हणाला.

आता दवाखान्यात सगळ्यात थोर कोण? डॉक्टरसुद्धा ज्याला विचारल्याशिवाय पेशंट घेत नाहीत, ते यंत्र. पिराजी त्याच्यापुढं हात जोडून, मान खाली घालून गप उभा राहिला. पहिल्या बाईला वाटलं, आज काही असेल. तिनंही हात जोडले. दुसरीनं घरून हळदकुंकू आणलं आणि काचेला ओलं बोट लावलं. मग नारळ फुटला. कुंकवाचा ओघळ काचभर उतरला आणि यंत्रानं टिचकी घेणंच सोडून दिलं. आत डॉक्टर पेशंटची वाट बघत बसले. दुपारी बाहेर येऊन बघतात तर आरती चालू.

"आणखी एक चूक," डॉक्टर म्हणाले, "की नोकरी गेली म्हणून समज."

नोकरी गेली म्हणजे कौसल्या गेली, एवढा हिशेब पिराजीलाही येत होता. तो ढसाढसा रडला. मॅडम आल्या, काच पुसली आणि त्याला समजावलं, "ओलं कुंकू काचेला बोटासारखंच वाटतं. कुंकू दिसलं की पुसायचं. आणि कुणी सरकवायला, ओढायला लागलं तर त्याचा हात धरून सांगायचं, फक्त टिचकी. विसरणार नाहीस ना?"

"जल्मात न्हाई," पिराजी म्हणाला. विसरला असता तर बरं झालं असतं.

लग्नाचा दिवस आला. पिराजी मुंडावळ्या बांधून, हातात हार घेऊन उभा. समोर अंतरपाट, पलीकडं कौसल्या. जवळच खुर्चीवर डॉक्टर, त्यांच्यासमोर एक रिकामी खुर्ची. आईनं कानात सांगितलं, "आंतरपाट हलला की म्होरं जे मानूस दिसंल त्याच्या गळ्यात हार घालायचा. बाकी काय बी करू नगंस."

"बरं," पिराजी म्हणाला.

अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक होतं. पिराजीनं ते उपरण्यानं स्वच्छ पुसलं. भटजींनी घाईघाईनं मंगलाष्टका उरकल्या. शेवटी ते अंतरपाट ओढायला लागले, तोच पिराजीनं त्यांचा हात धरला.

"सरकवायचं न्हाई. फक्त टिचकी." आणि त्यानं कापडावर टिचकी मारली. पलीकडं कौसल्येचं नाक होतं.

दौलतरावांनी डॉक्टरांकडं पाहिलं, डॉक्टरांनी मांडवाच्या छताकडं. तेवढ्यात पलीकडून कौसल्या शांतपणे म्हणाली, "चिठ्ठी निघाली. तुमचा नंबर आला. आता भटजींचा हात सोडा."

पिराजीचा चेहरा उजळला. नंबर आल्यावर काय करायचं, हे साऱ्या जोंधळवाडीला पाठ होतं. तो तरातरा गेला, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर बसला आणि जीभ बाहेर काढली.

"काय होतंय?" डॉक्टरांनी सवयीनं विचारलं.

"काय बी न्हाई. नंबर आला."

भटजींनी संधी साधली आणि अंतरपाट झटकन ओढला. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या. अंतरपाट हललेला पिराजीनं पाहिला. पुढ्यात बघतो तर डॉक्टर. त्यानं हार डॉक्टरांच्या गळ्यात घातला.

वाजंत्री थांबली. दौलतरावांनी शेजाऱ्याला विचारलं, "झालं का लगीन?"

"झालं," शेजारी त्यांच्या कानाशी ओरडला, "पर डॉक्टरांसंगं."

डॉक्टर आधी लाल झाले, मग त्यांचं पोट हलायला लागलं, मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "दौलतराव, नोकरी टिकली," एवढंच ते कसंबसं बोलले. कौसल्या त्यांच्यापाशी आली. "डॉक्टर, तेवढा हार द्या आनि जरा उठा." ती त्यांच्या खुर्चीवर बसली आणि हार पिराजीच्या हातात दिला.

"आता म्होरं कोन हाय?"

"तू."

"मग घाला."

पिराजीनं तिला नीट हार घातला, तिनंही त्याला घातला. आईनं डोळे पुसले. पिराजी वळला, जमलेल्या वऱ्हाडाकडं बघितलं आणि म्हणाला, "पुढचा नंबर."