पिळाचा ओंडका

राज्य कोणाचे होते ते विचारू नका, पण फार पूर्वी एका घाटाखालच्या गावात एक म्हातारा धनुष्ये घडवीत असे. ओंडक्याला तो करवत लावत नसे, पाचर ठोकून तो उभा फोडायचा. पाचर लाकडाच्या शिरेशिरेने जाते. म्हणून फोडलेली कांब वाकडी दिसली, तरी तिची शीर कुठे तुटत नाही. शिवाय घराण्याची रीत अशी, की नवे धनुष्य आधी घडवणाऱ्याने स्वतः कानापर्यंत ओढायचे, मगच दुसऱ्याला द्यायचे.

एका वर्षी तिथे वाघ माणसांवर उठला. वेशीवर चौघांनी पहारा द्यायचा ठरले, आणि त्यांत म्हाताऱ्याचा जावई होता. तीन धनुष्ये तयार होती. चौथ्यासाठी एकच सुका ओंडका उरला होता आणि तो पिळाचा, म्हणजे आत शिरा मुरडत गेलेला, निघाला. फोडला असता तर कांब वेडीवाकडी झाली असती, ती शेकून सरळ करायला दोन दिवस गेले असते.

पाटलांनी करवत चालवायला सांगितले. म्हातारा बराच वेळ नाही म्हणाला, पण घाईपुढे शहाणपण टिकत नाही. अर्ध्या ओंडक्यातून त्याने करवतीने सरळसोट कांब काढली आणि संध्याकाळच्या आत धनुष्य घडवले. जावई खूश झाला. मामांचा म्हातारपणी का होईना, हात बसला, असे म्हणत त्याने ते खांद्याला अडकवलेदेखील.

तेवढ्यात म्हातारी दारात आडवी उभी राहिली. नवऱ्याला म्हणाली, "अहो, रीत राहिली. आधी तुम्ही ओढा."

चाळीस वर्षे हेच करतोय, असे पुटपुटत म्हाताऱ्याने दोरी कानाकडे ओढली. अर्ध्यावरच धनुष्य काडकन मोडले आणि एक तुकडा त्याचा गाल फाडून गेला.

मग म्हातारी मटकन खाली बसून रडू लागली. "मोडायचं ते अंगणातच मोडलं हो," एवढेच ती म्हणत राहिली. म्हातारा रक्त पुसत हसत होता. त्याला इतके हलके कधीच वाटले नव्हते.

उरलेला अर्धा ओंडका त्याने पाचरीने फोडला. दोन दिवस जावई भाला घेऊन इतरांच्या मागे उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती एक बेढब धनुष्य आले, तेही सासऱ्याने तीनदा ओढून दिलेले. चौथ्या सकाळी वाघ नेमका त्याच्याच समोर आला. जावई दुपारी जेवायला घरी होता.

बोध: ज्याच्या भरवशावर दुसऱ्याचा जीव राहणार, ते आधी स्वतः ओढून पाहावे.