नवी मूठ, जुने पाय

फार पूर्वी, राजे हत्तीवरून हिंडायचे आणि हौसेखातर विलायतेला जाऊन यायचे त्या काळात, डोंगरातल्या एका लहानशा गावात एक तांबट राहत होता. नाव भिकोबा. घागरी, हंडे, पातेली ठोकण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. पण या भल्या माणसाला गोल्फचं वेड होतं, आणि गोल्फमध्ये त्याचा चेंडू सरळ म्हणून कधी गेला नव्हता.

आता तांबटाला गोल्फ कुठून कळलं, असं विचाराल. त्याचं असं झालं. त्या गावात आळ्या दोन, तांबट आळी आणि साळी आळी, आणि डोंगरावरच्या तळ्यातून उतरणारा पाण्याचा पाट मात्र एकच. उन्हाळ्यात तळं आटायला लागलं की पहिलं पाणी कुणाचं, यावरून डोकी फुटायची. राजा विलायतेहून परतला तो हा खेळ शिकूनच. त्याने गावाबाहेरच्या माळावर हिरवळ राखली, झेंड्या रोवल्या आणि दवंडी पिटली की एकमेकांची डोकी फोडण्यापेक्षा चेंडूवर राग काढा. दसरा झाला की दोन्ही आळ्यांचा एकेक भिडू खेळेल. काठीने चेंडू टोलवत न्यायचा आणि झेंडीखालच्या खड्ड्यात घालायचा. विटीदांडूच्या सवयीने लोक त्या खड्ड्याला गलच म्हणत. जो कमी टोल्यांत सगळ्या गली गाठेल, त्याच्या आळीला येत्या उन्हाळ्यात पहिलं पाणी. हरणाऱ्यांनी तळाशी उरलेल्या गाळपाण्यावर भागवावं, नाहीतर कड्यावरची विहीर होतीच.

भिकोबाइतका लांब टोला आळीत कुणाचा जात नसे, म्हणून आळीने भिडू म्हणून त्यालाच उभं केलं. पण त्याचा चेंडू निघायचा झोकात आणि मध्येच उजवीकडे वळायचा. उजवीकडे होता ओढा. भिकोबा म्हणायचा, ‘माळच उताराचा आहे, त्याला मी काय करू?’ नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

मग त्याने एक युक्ती काढली. शेवटच्या गलीपाशी डाव्या अंगाला एक जुनं चिंचेचं झाड होतं. भिकोबा झेंडीकडे पाठ फिरवल्यासारखा त्या चिंचेकडे रोखून उभा राहू लागला. चेंडू चिंचेच्या दिशेने सुटायचा, वळण घ्यायचा आणि नशीब चांगलं असलं तर झेंडीपाशी यायचा. नशीब रोज चांगलं नसतं. ऐन मोक्याला टोला जोरात बसायचा आणि चेंडू ओढ्यात. अशी लागोपाठ काही वर्षं तांबट आळी हरली.

गावाने या वाकड्या चेंडूभोवती आपली सोय लावून घेतली. खेळाच्या दिवशी तांबटांच्या बायका आणि पोरंटोरं त्या चिंचेखालीच बसत. सावली गार, आणि जागा सगळ्या माळावर सुरक्षित. भिकोबा बघतो तिकडे त्याचा चेंडू जात नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एखादा माणूस ‘येतो येतो’ म्हणून आला नाही, तर लोक हसून म्हणत, ‘त्याचं म्हणजे भिकोबाचं बघणं.’

भिकोबाही हसायचा. पण एका उन्हाळ्यात त्याचं हसू मावळलं. त्याची बायको सगुणा कड्यावरच्या विहिरीवरून आली, डोक्यावरची घागर उतरवली आणि भिंतीला धरून उभी राहिली. मान तिला वळवता येईना. भिकोबा म्हणाला, ‘काय गं, दुखतंय का?’

‘थोडं अवघडलंय. जाईल,’ ती म्हणाली आणि चुलीपाशी गेली.

भिकोबाला आपलीच लाज वाटली. घागर त्याने घडवलेली, पाणी त्याने घालवलेलं, आणि भार तिच्या माथ्यावर. पुढच्या उन्हाळ्यात हिला त्या कड्यावर चढू द्यायचं नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं.

राजाची एक आत्या होती. वयाने थकलेली, जिभेने अजून तल्लख. तरुणपणी ती स्वतः असा टोला मारायची की राजाही गप्प बसायचा. आता ती माळाच्या कडेला छत्री लावून बसे आणि खेळणाऱ्यांना नावं ठेवी. भिकोबा तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

‘आत्यासाहेब, माझा चेंडू सरळ कधी जाईल?’

‘विचारायला बरीच वर्षं लावलीस,’ आत्यासाहेब म्हणाल्या. ‘मार बघू एक.’

त्याने मारला. चेंडू ओढ्यात गेला. आत्यासाहेबांनी त्याची मूठ हातात घेतली.

‘अरे, ही काठी आहे, हातोडा नव्हे. किती आवळतोस? काठी काही पळून जात नाही. पोराचं बोट धरून बाजारात चालतोस ना, तेवढंच धरायचं. दुखू नये आणि सुटू नये. आणि डाव्या हाताचा अंगठा असा, जरासा उजवीकडे घे.’

‘एवढंच?’ भिकोबाला वाटलं होतं, त्या काहीतरी मोठी विद्या देतील.

‘एवढंच नाही. मूठ सुधारली की त्या चिंचेकडे तोंड करून उभा राहू नकोस. चेंडू वाकडा होता म्हणून तू वाकडा उभा राहिलास. चेंडू सरळ झाला की तुलाही सरळ व्हावं लागेल. तेव्हा पायांचं आधी शिक, आणि मोकळ्या माळावर शिक.’

भिकोबाने मान डोलावली. पण मोकळ्या माळावर शिकायचं म्हणजे चारचौघांत फजिती. शिवाय त्याच्या मनात आलं, खेळाच्या दिवशीच सगळ्यांना चकित करू. म्हणून त्याने परसात एक जुनी गोधडी टांगली आणि तिच्यावर चेंडू मारायला लागला. आधी मूठ सैल होईना. जन्मभर हातोडा धरलेला हात तो. मग हळूहळू जमलं, आणि चेंडूचा आवाज बदलला. आधी फट्ट यायचा, आता खणखणीत टक्क. तांबटाचा कान, खऱ्याखोट्याचा आवाज त्याला बरोबर कळतो. भिकोबा खूश झाला. पण गोधडी एक गोष्ट सांगत नाही. तिला थडकलेला चेंडू पुढे कुठे गेला असता, ते तिला विचारून उपयोग नाही.

आतून सगुणाने विचारलं, ‘अहो, परसात कसला टकटकाट चाललाय?’

‘घागरीची तळी ठोकतोय,’ भिकोबाने ठोकून दिलं आणि मनातल्या मनात हसला.

दसरा झाला. खेळाचा दिवस उजाडला. साळी आळीकडून नागनाथ साळी उतरला होता. खेळ चुरशीचा झाला, कारण भिकोबाने सगळा वेळ आपल्या जुन्या, आवळलेल्या मुठीने खेळून घेतलं आणि नवी मूठ शेवटासाठी राखून ठेवली. हौसच तशी दांडगी. शेवटच्या गलीपाशी दोघे बरोबरीत आले. नागनाथाचा चेंडू हिरवळीवर पडला, पण झेंडीपासून लांब. आता भिकोबाने एक टोला नेमका झेंडीपाशी टाकला की पाणी तांबटांचं.

चिंचेखाली बायका बसल्या होत्या. सगुणा मांडीशी घागर घेऊन पोरांना ओंजळीत पाणी वाढत होती. भिकोबाने काठी हातात घेतली. आत्यासाहेब लांबून छत्रीखालून बघत होत्या.

तो झेंडीकडे तोंड करून उभा राहिला. मूठ ऐन वेळी फसली तर? जुन्यासारखा वळला तर चेंडू थेट ओढ्यात, आणि सगुणा पुन्हा कड्यावर. परसात जमलं ते खरं, पण परस म्हणजे काही माळ नव्हे. इतकी वर्षं चिंचेकडे बघूनच तर चेंडू झेंडीपाशी यायचा. नवी मूठ तर वापरायची होती, पण जुना आधार सोडवेना. शेवटी त्याने मधला मार्ग काढला. मूठ नवी धरली आणि पाय जुन्या जागी नेले. चिंचेकडे रोखून तो उभा राहिला.

‘बघा, भिकोबा आपल्याकडेच बघतोय,’ चिंचेखालून कुणीतरी म्हणालं. ‘बसा निवांत.’

आत्यासाहेब खुर्चीवरून उठल्या. हात उंच करून काही ओरडल्या. पण तोवर काठी फिरली होती.

टक्क.

असा टोला त्याच्या हातून जन्मात बसला नव्हता. चेंडू काठीवरून सुटल्याचं त्याला जाणवलंसुद्धा नाही. आभाळात एक रेघ ओढल्यासारखा तो गेला, सरळ, आणि भिकोबाच्या छातीत आनंद मावेना. मग त्याला दिसलं, तो कुठे चाललाय ते.

चेंडू वळत नव्हता. भिकोबा वाट बघत राहिला, आता वळेल, आता वळेल. चिंचेखाली कुणी हललं नाही. कशाला हलतील? सगुणाने तर मानही वर केली नाही. ती एका पोराच्या ओंजळीत पाणी घालत होती.

चेंडू तिच्या खांद्याशी लागला. हाड मोडल्याचा आवाज माळभर ऐकू गेला. सगुणा कोलमडली, घागर घरंगळत उताराला लागली आणि सगळं पाणी मातीत गेलं.

साळी आळीचे लोकसुद्धा जागच्या जागी थिजले. भिकोबाच्या हातून काठी गळून पडली. तो कसा धावला, त्याचं त्याला कळलं नाही. मनात एकच होतं की ही जिवंत असू दे.

सगुणाने डोळे उघडले. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि हलकेच विचारलं, ‘अहो, तुमचा चेंडू इकडे कसा आला?’

त्या आवाजात राग असता तर भिकोबाला सोसला असता. राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं. जगात एवढी एक गोष्ट तिला पक्की ठाऊक होती, आणि त्याच भरवशावर ती तिथे बसली होती. तो मातीत बसून लहान मुलासारखा रडला.

राजवैद्यांनी खांदा बांधला. ‘थोडक्यात निभावलं,’ ते म्हणाले. ‘चार बोटं वर लागता तर डोकं होतं.’ हे ऐकून भिकोबाच्या अंगावर पुन्हा काटा आला.

खेळ अर्थातच साळी आळीने जिंकला. त्या उन्हाळ्यात सगुणाला घागर उचलायची नव्हती, म्हणून कड्यावरच्या विहिरीवर भिकोबा जाऊ लागला. पहिल्याच खेपेला त्याची मान अवघडली. आपण घागरींचे काठ मजबुतीच्या नावाखाली किती जड ठोकतो, हे त्याला तेव्हा कळलं. वाटेत आत्यासाहेबांची मेण्यातली स्वारी भेटली.

तो खाली मान घालून म्हणाला, ‘तुम्ही सांगितलं होतंत. माझी छाती झाली नाही.’

‘मूठ बदलायला छाती लागत नाही, ती लपूनही बदलता येते,’ आत्यासाहेब म्हणाल्या. ‘पाय चारचौघांत बदलावे लागतात. अरे, तुझ्या चुकीवर सगळी आळी विसंबून होती. ती चूक तू काढून घेतलीस आणि कुणाला सांगितलंसुद्धा नाहीस.’

भिकोबाला हे फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून तो मोकळ्या माळावर, सगळ्यांच्या देखत, झेंडीकडे तोंड करून उभा राहू लागला. सुरुवातीला पायांना ते रुचेना. चेंडू कधी ओढ्यात, कधी काटेरी झुडपात. लोक पोट धरून हसले. भिकोबा जो भेटेल त्याला सांगत सुटला, ‘माझा चेंडू आता सरळ जातो बरं का. मी बघेन तिकडे जातो. जपून राहा.’ घरी सगुणाला तर त्याने रोजचं सगळं सांगितलं, जमलेलंही आणि फसलेलंही.

पुन्हा दसरा झाला. पुन्हा शेवटची गल आली आणि पुन्हा दोघे बरोबरीत. भिकोबाने चेंडूला काठी लावण्याआधी ती खाली ठेवली आणि चालत चिंचेखाली गेला.

‘मंडळी, मी सुधारलोय, तेव्हा जरा उठा,’ तो म्हणाला.

बायका हसत हसत उठल्या आणि पोरांना घेऊन लांब गेल्या. दुधाने तोंड पोळलेलं, ताकही फुंकून प्यायला हवं. सगुणा मात्र उठली नाही. तिचा तो हात अजून पुरता वर जात नसे.

‘मूठ बदललीत, ते दिसतंय,’ ती म्हणाली. ‘पायही बदललेत ना?’

‘पायही बदललेत.’

‘मग मी बसते. इथली सावली बरी आहे.’

भिकोबा परत आला. झेंडीकडे तोंड करून उभा राहिला. मूठ पोराचं बोट धरल्यासारखी. मग टोला मारला.

सगळं गाव चेंडूकडे बघत होतं. भिकोबा एकटा चिंचेकडे बघत होता. सगुणा जागच्या जागी बसलेली होती, मान वर करून, आणि तिची नजर झेंडीकडे चेंडूमागे चालली होती. तांबट आळीतून आरोळी उठली, तेव्हा कुठे त्याने वळून पाहिलं. चेंडू गलीच्या काठाशी थांबला होता.

त्या उन्हाळ्यात पहिलं पाणी तांबट आळीत आलं. सगुणाने दारातल्या पाटावरच घागर भरली. भिकोबाने ती उचलून घरात नेली, आणि पुढे कायम तोच नेत राहिला.

तात्पर्य: चूक अर्धीच सुधारली तर ती चुकीहून महागात पडते. आणि आपण बदललो, तर आधी आपल्या माणसांना सांगावं, कारण ती बिचारी आपल्या जुन्या चुकीच्या भरवशावर निवांत बसलेली असतात.