एकट्यासाठी वाजलेली बीप

दमसास मोजायच्या चाचणीत सुदाम खरात मैदानावरच कोसळला आणि गेला. चौकशीत अकादमीचे संचालक रणदिवे टेबलावर हात ठेवून म्हणाले, "बीप वाजायच्या आत रेषा गाठायची, दमलं की थांबायचं. तो थांबलाच नाही, त्याला आम्ही काय करणार?"

सुदामची आई इंदुबाई हळूच म्हणाली, "साहेब, तेव्हा त्याच्यासोबत कोण धावत होतं?"

"कोणी नाही. बाकीचे केव्हाच बाद झाले होते. अकादमीच्या विक्रमाला दोनच फेऱ्या कमी होत्या."

"म्हणजे माझा सुदाम पहिला आलाच होता. पोराला थांबायचं कळलं नाही, खरंय. पण मग त्या एकट्यासाठी बीप कोण वाजवत होतं?"

रणदिवेंनी टेबलावरचा हात खाली घेतला.