अडकलेला जेट

जो सुटत नाही तो हट्टी, असा शिक्का मारून तुम्ही किती जणांना मोडलंत! फार पूर्वी, एका जुन्या मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची धार सोडणारा पितळेचा इवलासा जेट अडकून बसला होता. स्क्रू ड्रायव्हरने जोर लावला, तशी जेटची खाच झिजली.

"निघ मुकाट्याने! खाच तुटली तर दोघंही भंगारात जाल!" स्क्रू ड्रायव्हर खेकसला.

"येतो हो मामा, पण हे आजोबाच सोडत नाहीत," जेट रडवेला झाला.

"सोडलं तर हरवशील रे," कार्बोरेटर पुटपुटला.

"गारठलाय हो म्हातारा," असं म्हणत शेजारच्या शेगडीवरच्या चहाच्या किटलीने कार्बोरेटरवर कढत पाणी ओतलं. त्याची मिठी सैल पडली आणि जेट अलगद बाहेर आला.

त्याला पुसता पुसता फडकं म्हणालं, "ओरडा मात्र सगळा या पोरानेच खाल्ला."